ऐरणीखालची माती

विल्यम राजाने १०८६ साली करवून घेतलेल्या जमीनमोजणीच्या बाडात, म्हणजे ‘डूम्सडे बुका’त, हेरेफर्ड शहराच्या नोंदींमध्ये सहा लोहार भेटतात. प्रत्येकाने आपल्या भट्टीपोटी एक पेनी भरायची, राजाच्या लोखंडातून १२० नाल घडवून द्यायचे आणि त्याबद्दल तीन पेन्स घ्यायचे. बाकीची वेठ माफ. हा रिवाज एडवर्ड राजाच्या वेळेपासूनचा, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आधीचा. सहा जणांचे मिळून ७२० नाल झाले, १८० घोड्यांच्या पायांना पुरतील एवढे. त्याच हेरेफर्डशायर परगण्यात परक्यांनी किल्ला बांधून रयतेला छळल्याची तक्रार ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या बखरीत १०५१ च्या सालाखाली आली आहे. इंग्लंडमधल्या किल्ल्यांचे जे अगदी पहिले उल्लेख आहेत, त्यांतला हा एक.

घोडेस्वार, किल्ला आणि लोहार असे एकाच मुलखात, एकाच पिढीत उभे आहेत. पहिल्या दोघांवर ग्रंथांची कपाटे भरली. तिसऱ्याचे काय, तो किल्ल्यात होता का, कुठे बसत होता, काय घडवत होता, हा प्रश्न पुरातत्त्वाने उशिरा विचारला. त्याचे उत्तर माती चाळून शोधावे लागते. ते आजवर कुठपर्यंत आले आहे, ते पाहायचे आहे.

आधी हा किल्ला कसा असे ते सांगितले पाहिजे. दहाव्या ते बाराव्या शतकांत पश्चिम युरोपात जे हजारो किल्ले उठले, त्यांतले बहुसंख्य माती आणि लाकूड यांचेच होते. खंदक खणायचा, त्यातून निघालेल्या मातीचा उंच ढिगारा रचायचा, माथ्यावर लाकडी बुरूज किंवा घर बांधायचे आणि पायथ्याच्या आवाराभोवती बांध घालून वर मेढेकोट रोवायचा. ढिगाऱ्याला ‘मॉट’ म्हणतात, आवाराला ‘बेली’. काही ठिकाणी ढिगारा नसे, नुसते मातीचे कडे असे. आपल्याकडच्या मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या मातीच्या गढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना चित्र पटकन उभे करता येईल, कारण एका जहागीरदाराचे कुटुंब, त्याचे धान्य आणि त्याची माणसे उंचवट्यावर राखणे हा हेतू दोन्हीकडे सारखाच. पण तेवढेच; दोन्हींचा एकमेकांशी ऐतिहासिक संबंध काही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून असे सातशेहून अधिक मॉट मोजले गेले आहेत.

त्या काळच्या लोकांनी या किल्ल्यांची वर्णने करून ठेवली आहेत, आणि ती वाचायला फार सुंदर आहेत. नॉर्मन स्वारीची चित्रकथा सांगणाऱ्या बायोच्या भरतकामात दिनां गावचा किल्ला दिसतो: नॉर्मन शिपाई पेटते पलिते लावून लाकूड जाळताहेत आणि आतला सरदार कॉनन भाल्याच्या टोकावर किल्ल्या अडकवून शरण येतो आहे. त्याच भरतकामात हेस्टिंग्जला माणसे फावड्यांनी माती उपसून ढिगारा रचताना दिसतात. फ्लँडर्समधल्या मेर्केम इथे तेरुआनचे बिशप जॉन अशा किल्ल्यावर उतरले होते. मॉटवरून खाली येताना उतरता लाकडी पूल गर्दीने मोडला आणि बिशपांसकट सगळे खंदकात पडले, पण कुणाला इजा झाली नाही, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. आर्द्रचा धर्मोपदेशक लांबेर याने तर १११७ च्या सुमारास लोदविक नावाच्या सुताराने बांधलेल्या घराची खोली न् खोली सांगितली: खाली कोठारे, वर दिवाणखाना आणि मालकाची निजायची खोली, आजाऱ्यांना आणि तान्ह्यांना शेक देण्यासाठी शेगडीची वेगळी खोली, त्याच्या वर मुलामुलींच्या आणि पहारेकऱ्यांच्या जागा, शेजारी स्वयंपाकघर, आणि एक देवघर. माती-लाकडाचा किल्ला म्हणजे घाईने ठोकलेली छावणी, हा समज लांबेरच्या एका वर्णनाने मोडायला हवा होता. तो मोडला नाही, कारण असे घर जमिनीत सापडत नव्हते. लोहाराची भट्टी तर या मजकुरांत कुठेच येत नाही.

अभ्यासाचा इतिहास थोडक्यात उरकतो. १८८४ साली जी. टी. क्लार्क यांनी हे ढिगारे सॅक्सन लोकांचे ठरवले. एला आर्मिटेज या बाईंनी कागदपत्रे आणि जागा यांचा मेळ घालून १९१२ साली ते नॉर्मनांचे असल्याचे सिद्ध केले; आजही त्यांचा निष्कर्ष मुख्यतः टिकून आहे. फावडे मात्र १९४९ पर्यंत नीट पडले नाही. त्या वर्षी ब्रायन होप-टेलर यांनी सरे परगण्यातल्या अ‍ॅबिंजरच्या मॉटचा माथा उघडला आणि मेढेकोटाचे नि मधल्या लहानशा बुरुजाचे खांब जिथे रोवले होते ते खळगे मातीच्या रंगावरून दाखवून दिले. लाकूड कुजून गेले तरी त्याची जागा माती विसरत नाही, हे किल्ल्यांच्या बाबतीत पहिल्यांदा इतके स्पष्ट झाले. पुढे लंडनच्या उत्तरेला साउथ मिम्स इथे तर ढिगारा आधी आणि बुरूज मग असा क्रमच नसल्याचे दिसले: बुरूज जमिनीवरून उभा केला होता आणि माती त्याच्या भोवतीने चढवली होती.

पण या शास्त्राला खरी शिस्त लावली ती एका जागेने आणि एका माणसाने. जागा हेन डोमेन, वेल्सच्या सीमेवर, सेव्हर्न नदीच्या उताराजवळ. नावाचा अर्थ ‘जुना ढिगारा’. श्रूसबरीचा अर्ल रॉजर द मॉन्टगोमरी याने १०७१ ते १०८६ च्या दरम्यान हा किल्ला उठवला. १०९५ मध्ये वेल्श लोकांनी तो घेतला. पुढे तो बॉल्डविन द बूलर याच्याकडे गेला, आणि शेजारच्या मॉन्टगोमरी गावाला वेल्श भाषेत आजही बॉल्डविनच्या नावाने ‘त्रेवाल्डविन’ म्हणतात. १२२३ मध्ये तिसऱ्या हेन्रीने जवळच्या कड्यावर दगडी किल्ला बांधायला काढला आणि हेन डोमेन हळूहळू मागे पडले. त्यावर पुन्हा कुणी काही बांधले नाही, हे पुरातत्त्वाचे भाग्य.

फिलिप बार्कर यांनी तिथे १९६० साली खोदायला सुरुवात केली आणि बॉब हायम यांच्यासह ते काम १९९२ पर्यंत, तीस उन्हाळ्यांहून अधिक काळ, चालवले. त्या वेळची रीत अशी की अरुंद चर खणायचा, दगडी पाया लागला की त्याच्या मागोमाग जायचे. बार्करांनी चर सोडून बेलीचा मोठा भाग एकदम उघडा केला, थर न् थर खुरप्याने खरवडला, एकेका गोट्याची नोंद ठेवली. कारण इथल्या कित्येक इमारतींना खांबाचे खळगेच नव्हते. त्या जमिनीवर आडव्या ठेवलेल्या तुळयांवर उभ्या होत्या. तुळई कुजली की मागे उरतो तो बारीक खड्यांचा एक सरळ कडा किंवा मातीच्या छटेतला जेमतेम कळणारा फरक. चर खणला असता तर ते सगळे फावड्याबरोबर उडून गेले असते. उकललेले चित्र दाटीचे होते: दिवाणखाना, कोठारे, देवघर वाटणारी वास्तू, पहाऱ्याच्या जागा, सगळे एकमेकांना खेटून, आणि दोन शतकांत पुन्हा पुन्हा पाडून बांधलेले. बांधाच्या खाली तर किल्ल्याच्या आधीच्या शेताचे नांगराचे सरी-वरंबे जसेच्या तसे दबलेले मिळाले.

मला हेन डोमेनची गोष्ट नेहमी अस्वस्थ करते, ती तिथे मिळालेल्या वस्तूंमुळे. इतक्या वर्षांच्या इतक्या काळजीच्या खोदकामात वस्तू फार थोड्या निघाल्या: साधी खापरे, हाडे, थोडे लोखंड. बार्कर आणि हायम यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की इथले जगणे रुक्ष होते, सीमेवरचे, चैनीला जागा नसलेले. तो बराचसा पटतो. पण ‘थोडे लोखंड’ या दोन शब्दांवर थांबले पाहिजे. ओक तासायला कुऱ्हाड लागते, तुळईत सांधा पाडायला पटाशी, खुंटीसाठी भोक पाडायला गिरमिट. मातीच्या ढिगाऱ्यालाही लोखंडी पात्याचे फावडे लागते. लाकडी किल्ल्याच्या सांध्यात खिळा कमी असेल, पण तो किल्ला घडवणारे प्रत्येक हत्यार लोखंडाचे होते, आणि रोज बोथट होत होते. धार लावणारा, तुटलेले जोडणारा, घोड्याचा नाल बसवणारा कुणीतरी हाताशी असल्याशिवाय अशी वस्ती दोनशे वर्षे चालत नाही. मग तो दिसत का नाही?

याचे उत्तर लोहाराच्या कामात आहे. दगडातून लोखंड गाळणे आणि गाळलेले लोखंड घडवणे ही दोन कामे, आणि त्यांचा टाकाऊ मालही वेगळा. गाळण्याच्या भट्टीतून वितळून वाहिलेले, गार होताना सुरकुत्या पडलेले जड कीट मोठ्या प्रमाणात निघते. आयुर्वेदात ज्याला मंडूर म्हणतात ते हेच, जुने लोहकीट. घडवण्याच्या शेगडीत तळाशी जमते ते कीट वाटीच्या आकाराचे, एका बाजूने फुगीर. ही वाटी ओळखू आली की इथे घण चालत होता एवढे नक्की. पण कीट म्हणजे जागा नव्हे. ते टाकाऊ असते, उचलून खंदकात फेकतात, चिखलाच्या वाटेवर भरणीला घालतात. एका पिढीचे कीट दुसऱ्या पिढीच्या बांधात सापडते.

हलत नाहीत ते खवले. तापलेल्या लोखंडावर घण पडला की पृष्ठभागाचे निळसर काळे पापुद्रे उडतात, मिलिमीटर दोन मिलिमीटरचे. दोन तुकडे तापवून एकमेकांत ठोकून जोडताना वितळलेले कीट फवाऱ्यासारखे उडते आणि हवेतच गार होऊन बारीक पोकळ गोळ्या बनते. हे खवले आणि या गोळ्या ऐरणीभोवतीच्या जमिनीत तुडवल्या जातात आणि तिथेच राहतात. ते डोळ्यांना सहज दिसत नाहीत, पण लोहचुंबकाला लागतात. म्हणून जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातली माती वेगळी उचलतात, सुकवून चुंबकाने वेचतात, तोलतात, आणि आकडे नकाशावर मांडतात. दाट चौकोनांच्या मधोमध एक कोरा गोल राहिला की तिथे ऐरणीचे ओंडके होते. लोहार ज्या बाजूला उभा राहायचा तिकडची घनता कमी. पात्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आणखी एक माणूस जिवंत होतो: मऊ लोखंडाच्या पाठीवर पोलादाची धार जोडून तिला पाणी दिलेले असते, आणि ते पाणी बरोबर बसले की चुकले हे नऊशे वर्षांनीही वाचता येते.

कंबरेएवढ्या चौथऱ्यावरची शेगडी, ओंडक्यावरची ऐरण, चामड्याचा भाता: लोहाराच्या या पसाऱ्यापैकी जमिनीत काहीच खोल जात नाही. छप्पर चार बारीक मेढींवरही चालते. लोखंडाचा तुकडा पुन्हा तापवून वापरता येतो, म्हणून तो टाकून कुणी जात नाही. म्हणजे खवले वेचले नाहीत तर लोहारशाळा संपूर्ण अदृश्य होते. आणि खवले पद्धतशीरपणे वेचण्याची रीत ब्रिटनमध्ये १९८०-९० च्या दशकांतच रुजली. त्यापूर्वी खोदलेल्या किल्ल्यांच्या अहवालात ‘धातुकामाचा पुरावा नाही’ असे वाचले, की मी त्याचा अर्थ ‘चुंबक फिरवला नाही’ असा घेतो. अ‍ॅबिंजर, साउथ मिम्स आणि हेन डोमेनच्या पहिल्या हंगामांना हे लागू आहे. हा दोष त्या खोदणाऱ्यांचा नाही. पण त्यांच्या मौनावर सिद्धान्त उभा करणाऱ्यांचा आहे.

मातीऐवजी पाण्याने वस्ती जपली तर काय मिळते, ते फ्रान्सच्या आल्प्सपायथ्याशी, पालाद्र्यू सरोवरात दिसले. तिथल्या लोकांत बुडालेल्या नगरीची दंतकथा होती. पाण्याखाली शारावीन गावाजवळ, कोलेतिएर इथे १९७२ पासून मिशेल कोलार्देल आणि नंतर एरिक व्हेर्देल यांच्या चमूने पाणबुड्यांचे पोशाख घालून दशकानुदशके खोदकाम केले. हाती आली ती एक मेढेकोट घातलेली वस्ती, आत लाकडी इमारती. झाडांच्या वार्षिक वलयांवरून पहिल्या खांबांची तोड १००३ च्या आसपासची ठरली. सरोवराचे पाणी त्या वेळी खाली गेलेले होते. तीसचाळीस वर्षांत ते परत चढले आणि लोक जागा सोडून गेले. एका पिढीचा संसार गाळाने झाकला.

तिथे मिळालेल्या वस्तूंची यादी वाचताना हेन डोमेन आठवल्याशिवाय राहत नाही. चामड्याचे जोडे, विणलेले कापड, लाकडी भांडी, वाद्ये, बुद्धिबळाची मोहरी. आणि लोखंड. शेतीची अवजारे, सुतारकामाची हत्यारे, भाल्याची पाती, नाल, टाचेला बांधायचे काटे, लगामाची कडी, हे सगळे एकाच कुंपणात, त्याच घरांच्या जमिनींवर. लोखंड घडवल्याची चिन्हेही त्यांच्याबरोबर. म्हणून शोधकर्त्यांनी इथल्या माणसांना ‘शेतकरी-सरदार’ म्हटले: सकाळी डुकरे राखणारे आणि गरज पडली की घोड्यावर चढणारे. नांगराचा फाळ आणि भाल्याचे पाते एकाच शेगडीतून निघत असावे, ही कल्पना कोलेतिएरने हातात ठेवली. सरंजामी व्यवस्थेच्या उगमावर लिहिणारे इतिहासकार कागदांवरून ‘लढणारे’ आणि ‘राबणारे’ असे दोन वर्ग मोठ्या खात्रीने वेगळे काढत होते. या गाळाने त्यांना थांबायला लावले.

आता खरा वाद. हेन डोमेन गरीब आणि कोलेतिएर श्रीमंत, हा फरक माणसांचा की मातीचा? काही अभ्यासकांना तो काळाचा आणि दर्जाचा वाटतो: एक सीमेवरची लष्करी चौकी, दुसरी स्वयंपूर्ण कुळाची वस्ती. माझा कल वेगळा आहे. सेव्हर्नकाठच्या चिकणमातीत दोन शतके तुडवल्या गेलेल्या आणि प्रत्येक पुनर्बांधणीत झाडून काढलेल्या जागेची तुलना पाण्याने अचानक बंद केलेल्या घराशी होऊच शकत नाही. जर्मनीत ऱ्हाइनलँडमधल्या हुस्टरक्नुप्पने याची साक्ष दिली आहे. लिग्नाइटच्या उघड्या खाणीत जाण्यापूर्वी अडोल्फ हेर्नब्रोट यांनी १९४९ ते १९५१ मध्ये ती जागा खोदली. ओल्या जमिनीत लाकूड टिकलेले होते, आणि एकाच ठिकाणी तीन टप्पे दिसले: आधी सपाट वस्ती, मग बुटका ढिगारा, मग उंच मॉट. जमीन ओली राहिली तिथे गृहस्थी दिसते, कोरडी झाली तिथे फक्त तटबंदी उरते. किल्ल्यांची आपली कल्पना इतकी लष्करी आहे याचे निम्मे कारण जमिनीच्या ओलीत असावे.

धातुकामाचा पुरावा मिळाला तरी तो कोणत्या शतकाचा, ही वेगळीच परीक्षा. कार्डिफजवळच्या दिनस पॉविसवर लेस्ली अल्कॉक यांनी १९५४ ते १९५८ मध्ये खोदकाम केले. ओतकामाच्या मुशी, ब्रूच घडवण्याचा शिशाचा साचा, लोखंडाचे कीट, फुटकी काच, भूमध्य समुद्राकडून आलेली खापरे असा ऐवज निघाला. हा पाचव्या ते सातव्या शतकातल्या कुणा स्थानिक राजाच्या पदरच्या कारागिरांचा. पण टेकडीवरचे मोठे मातीचे बांध अल्कॉक यांनी नॉर्मनांच्या अकराव्या शतकातल्या कड्याच्या किल्ल्याचे मानले. पुढे इवन कॅम्बेल आणि अ‍ॅलन लेन यांनी थरांचा फेरविचार केला. बांधांना नॉर्मन ठरवणारा ठोस पुरावा उरत नव्हता. ते कारागिरांच्याच काळात चढत गेले होते. ‘धातुकामासह माती-लाकडाचा किल्ला’ नॉर्मनांच्या चारशे वर्षे आधी वेल्समध्ये उभा होता, आणि त्यात कारागीर राजाच्या कुंपणाच्या आत होता. सोने-कासे घडवणाऱ्याला मुठीत ठेवणे हा सत्तेचा जुनाच मार्ग. ढिगाऱ्यांचे वयही असेच फसवते: मार्लबरोच्या मॉटच्या पोटातला कोळसा इसवी सनपूर्व २४०० च्या सुमाराचा निघाला, आणि यॉर्कशायरचा स्किप्सी लोहयुगातला ठरला. नॉर्मनांनी तयार टेकड्या पाहून त्यांवर मेढी रोवल्या.

पुढच्या काळात लोहाराचे नाते किल्ल्याशी कसे बदलले, ते डीनच्या जंगलात दिसते. सेव्हर्नच्या पश्चिमेचा हा लोखंडाचा मुलूख. शेजारचे ग्लॉस्टर शहर राजाच्या जहाजांच्या खिळ्यांसाठी लोखंडी कांबी पुरवत असल्याची नोंद डूम्सडे बुकातच आहे. ११९० मध्ये पहिल्या रिचर्डच्या धर्मयुद्धासाठी इथून ५० हजार नाल गेले. या जंगलाचा कारभार सेंट ब्रिअव्हल्स किल्ल्यातून चाले. तो बाराव्या शतकाच्या सुरुवातीला माती-लाकडाचाच उठला आणि नंतर दगडी झाला. तेराव्या शतकात तिथे जॉन मालमोर नावाचा कारागीर राजाच्या पगारावर आडव्या धनुष्याचे, म्हणजे क्रॉसबोचे बाण करत होता, दिवसाला शंभर. पाते घडवायला लोहार, दांडी आणि पिसे बसवायला वेगळा माणूस. हेरेफर्डचे सहा लोहार वर्षाला ठरावीक नाल देऊन मोकळे होत. मालमोरचे नाव सरकारी हिशेबात येते. म्हणून त्याच्याबद्दल आपल्याला कागदावरून कळते, आणि त्याच्या आधी शंभर वर्षे त्याच बांधाआड कुणी घण मारला असेल तर ते फक्त मातीलाच ठाऊक.

आणि डीनची मातीही पूर्ण शाबूत नाही. जुन्या भट्ट्यांच्या कीटात बरेच लोखंड शिल्लक राही. सतराव्या शतकात मोठ्या झोतभट्ट्या आल्या तेव्हा रोमन आणि मध्ययुगीन कीटाचे ढीगच्या ढीग खणून त्यांत पुन्हा गाळले गेले. त्या जंगलातल्या किल्ल्यांभोवती कीट कमी दिसते म्हणून धातुकाम कमी होते असे म्हणता येत नाही, कारण त्याचे अर्धे पुरावे तीनशे वर्षांपूर्वी तोफा आणि तवे होऊन निघून गेले. उरले आहेत ते जमिनीत तुडवलेले खवले, जे कुणालाही विकत घ्यावेसे वाटले नाहीत.